ॲडमिरल एस. एम. नंदा : नौदलप्रमुखपदाची कारकीर्द आणि १९७१ चे युद्ध

भारतीय नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांचे नाव १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील कराची बंदरावरील हल्ल्यांशी कायमचे जोडले गेले आहे. १ मार्च १९७० ते २८ फेब्रुवारी १९७३ या काळात ते नौदलप्रमुख होते. स्वतंत्र भारताच्या नौदलाने पूर्ण क्षमतेने लढलेले पहिले युद्ध त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. डिसेंबर १९७१ पूर्वी 'तटरक्षणापुरते दल' अशी नौदलाची शासनदरबारी प्रतिमा होती आणि संरक्षण खर्चातील त्याचा वाटाही त्या प्रतिमेला साजेसा अल्प असे. ही प्रतिमा बदलण्याचे श्रेय एकट्या नंदा यांना देणे योग्य होणार नाही. परंतु बदलाचा निर्णायक क्षण आला तेव्हा सर्वोच्च पदावर ते होते आणि जोखीम पत्करण्याची त्यांची तयारी होती, हे नाकारता येत नाही.

मनोरा बेटावरील बालपण

नंदा यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१५ रोजी एका पंजाबी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण कराची बंदराच्या मुखाशी असलेल्या मनोरा बेटावर गेले. मराठी वाचकाला या नावातच त्याचा अर्थ सापडेल. तेथील दीपगृह दूरवरून येणाऱ्या जहाजांना कराचीची वाट दाखवीत असे. बेटावर वरुणदेवाचे एक जुने मंदिरही आहे. कराचीत येणाऱ्या प्रत्येक जहाजाला मनोऱ्याच्या अंगाखालूनच आत शिरावे लागते. बंदराचा प्रवेशमार्ग आणि समोरच्या बाजूची किमाडी गोदी ही पुढे युद्धाच्या नकाशावर आलेली ठिकाणे नंदा यांच्या लहानपणाच्या परिचयाची होती.

फाळणीपूर्वीच्या नौदलाच्या दृष्टीने मनोरा हे महत्त्वाचे केंद्र होते. रॉयल इंडियन नेव्हीच्या काही प्रमुख प्रशिक्षण संस्था तेथे होत्या. १९४७ मध्ये जहाजांची वाटणी साधारणपणे दोनास एक या प्रमाणात झाली. परंतु जमिनीवरच्या संस्था उचलून नेता येत नाहीत. कराचीतील प्रशिक्षण केंद्रे पाकिस्तानकडे गेली आणि भारताला ती मुंबई, कोची आदी ठिकाणी नव्याने उभारावी लागली. नंदा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे तर घरही सीमेपलीकडे राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, ते रॉयल इंडियन नेव्हीच्या स्वयंसेवी राखीव दलात दाखल झाले. लहान वयात इंग्लंडमधील डार्टमथ येथे प्रशिक्षण घेऊन आलेल्या नियमित अधिकाऱ्यांच्या तुलनेत राखीव दलातील अधिकाऱ्यांकडे त्या काळी काहीसे दुय्यम दृष्टीने पाहिले जाई. युद्ध संपल्यावर यांतील बहुसंख्य अधिकारी नागरी जीवनात परतले. जे राहिले, त्यांच्यापुढे स्वातंत्र्यानंतर संधींचे मोठे क्षेत्र खुले झाले. ब्रिटिश अधिकारी टप्प्याटप्प्याने मायदेशी जात होते आणि भारतीय अधिकाऱ्यांना अल्पावधीत वरची पदे सांभाळावी लागत होती. नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी यांनी सूत्रे हाती घेतली ती २२ एप्रिल १९५८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी. भूदलाला पहिला भारतीय प्रमुख जानेवारी १९४९ मध्येच मिळाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे नौदलातील संक्रमण किती संथ होते याची कल्पना येते.

'म्हैसूर' ते माझगाव

नंदा यांनी 'रणजित' या विनाशिकेचे नेतृत्व केले. त्यानंतर भारताने ब्रिटनकडून घेतलेल्या 'नायजेरिया' या क्रूझरची बर्कनहेड येथे दुरुस्ती होऊन २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती 'म्हैसूर' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान म्हणून कॅप्टन नंदा यांची नेमणूक झाली. विमानवाहू 'विक्रांत' येईपर्यंत 'दिल्ली' आणि 'म्हैसूर' या दोन क्रूझर हेच भारतीय ताफ्याचे मुख्य बळ होते.

साठच्या दशकाच्या पूर्वार्धात नंदा यांच्याकडे नौदल मुख्यालयातील उपप्रमुखपद आणि पुढे मुंबईच्या माझगाव गोदीचे व्यवस्थापकीय संचालकपद आले. केंद्र सरकारने १९६० मध्ये ही गोदी खासगी मालकीतून आपल्याकडे घेतली होती. भारतात युद्धनौका बांधायच्या तर त्या कोठे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून या खरेदीकडे पाहिले गेले. मात्र जहाजांची डागडुजी करणारी गोदी आणि आधुनिक फ्रिगेट बांधणारा कारखाना यांत फार मोठे अंतर असते. गोदीचा विस्तार आणि कुशल कामगारांची जमवाजमव ही सारी पूर्वतयारी या वर्षांतली आहे. ब्रिटिश लिअँडर आराखड्यावर आधारित पहिली फ्रिगेट 'निलगिरी' हिचा तळपठाण २३ ऑक्टोबर १९६६ रोजी बसविण्यात आला आणि ती ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. त्या दिवशी नौदलप्रमुख नंदा हेच होते. गोदीच्या संचालकाने पाहिलेले काम प्रमुखपदी असताना पूर्णत्वास गेलेले पाहण्याचा योग फार थोड्या अधिकाऱ्यांना लाभतो. माझगावच्या या परंपरेतील नवी 'निलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतच नौदलात दाखल झाली.

यानंतर नंदा यांनी भारतीय ताफ्याचे प्रमुख आणि मुंबईस्थित पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख या जबाबदाऱ्या सांभाळल्या. नौदलप्रमुखपदी त्यांचे पूर्वसूरी होते ॲडमिरल अधर कुमार चटर्जी. १९६८ मध्ये या पदाचा दर्जा वाढवून पूर्ण 'ॲडमिरल' असा करण्यात आला, तो चटर्जी यांच्याच कारकिर्दीत. सोव्हिएत संघाकडून पाणबुड्या, पेट्या वर्गातील पाणबुडीविरोधी नौका आणि लहान क्षेपणास्त्र नौका घेण्याचे निर्णयही मुख्यतः त्याच काळातील आहेत. नंदा यांच्या हाती आलेले अस्त्र अशा रीतीने त्यांच्या पूर्वीच्यांनी तयार करून ठेवले होते. युद्धकथांमध्ये हा भाग सहसा वगळला जातो.

१९६५ चे शल्य

नंदा यांच्या १९७१ मधील निर्णयांचा अर्थ लावायचा तर सहा वर्षे मागे जाणे आवश्यक आहे.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धात नौदलप्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. युद्ध पश्चिमेकडील भूसीमेपुरते मर्यादित ठेवण्याचे सरकारचे धोरण होते. पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस नौदलाने आक्रमक कारवाई करू नये, असा स्पष्ट आदेश देण्यात आला. 'विक्रांत' तेव्हा मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि 'म्हैसूर' बंगालच्या उपसागरात. ७ सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर तोफांचा मारा केला. प्रत्यक्ष हानी नगण्य होती. परंतु 'तलवार' ही भारतीय फ्रिगेट जवळच ओखा बंदरात असताना शत्रूचा ताफा भारताच्या किनाऱ्यावर येतो, गोळे डागतो आणि निर्वेधपणे परत जातो, ही गोष्ट नौदलाच्या जिव्हारी लागली. संसदेत प्रश्न विचारले गेले. नौदल होते कोठे, असा प्रश्न सामान्य नागरिकही विचारू लागले. पाकिस्तानात ८ सप्टेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा होतो, त्याचे मूळ या घटनेत आहे.

सोमण यांनी त्या निर्बंधाविरुद्ध आपले म्हणणे मांडले होते, परंतु निर्णय बदलला नाही. सरकारची बाजूही समजून घेण्यासारखी होती. १९६२ च्या पराभवाला तीनच वर्षे झाली होती, इंडोनेशियाच्या हालचालींमुळे अंदमान-निकोबारची काळजी होती आणि ताफ्यातील अनेक जहाजे जुनी झाली होती. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवला तरी एक धडा स्पष्ट होता. राजकीय नेतृत्वाची अनुमती युद्धाच्या आधी मिळविली नाही, तर ऐन युद्धात ती मिळत नाही.

नंदा यांनी नेमके तेच केले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले आणि युद्ध अटळ दिसू लागले, तेव्हा त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेतली. नौदलाने कराचीवर हल्ला केल्यास सरकारला काही राजकीय अडचण आहे काय, असे त्यांनी थेट विचारले. हा प्रश्न का विचारता, या पंतप्रधानांच्या प्रतिप्रश्नावर त्यांनी १९६५ मधील निर्बंधांची आठवण करून दिली. इंदिरा गांधी काही वेळ विचारात पडल्या आणि युद्ध झालेच तर ते युद्धच असेल, अशा आशयाचे मोजके उत्तर त्यांनी दिले. नंदा यांना तेवढे पुरेसे होते. ही हकिगत त्यांनी स्वतः पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. लेखी आदेशाचा आग्रह न धरता या उत्तराच्या बळावर संपूर्ण योजना आखणे हे धाडसाचे होते. हल्ला फसला असता तर जबाबदारी कोणाच्या माथी आली असती, हे सांगावयास नको.

लहान नौकांचा मोठा पल्ला

सोव्हिएत बनावटीच्या ओसा वर्गातील आठ क्षेपणास्त्र नौका १९७१ च्या पूर्वार्धात भारतात आल्या. प्रत्येकीवर सुमारे ४० किलोमीटर पल्ल्याची चार क्षेपणास्त्रे होती. मुंबईत इतके वजन उचलू शकणारी क्रेन नसल्याने मालवाहू जहाजांवरून आलेल्या या नौका कोलकात्याला उतरविण्यात आल्या आणि तेथून मोठ्या जहाजांमागे दोरखंडाने ओढत संपूर्ण द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईत आणल्या गेल्या. केवळ गैरसोयीपोटी केलेल्या या प्रवासातून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. या नौका लांबवर ओढून नेता येतात.

या नौका मूलतः बंदराच्या रक्षणासाठी घडविलेल्या होत्या. वेग प्रचंड, परंतु इंधन थोडे, आणि खवळलेल्या समुद्रात फार दूर जाण्याची क्षमता नाही. मुंबई ते कराची हे अंतर सुमारे पाचशे सागरी मैलांचे. स्वतःच्या इंधनावर जाऊन, हल्ला करून परत येणे त्यांना अशक्य होते. मात्र मोठ्या जहाजाने त्यांना निम्म्याहून अधिक वाट ओढून नेले, सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा आधार घेतला आणि समुद्रात इंधनवाहू जहाज उभे केले, तर बचावाचे हे शस्त्र आक्रमणासाठी वापरता येणार होते. ही कल्पना प्रथम कोणाला सुचली याविषयी नौदलात आजही एकमत नाही आणि तिचे अनेक दावेदार आहेत. मुंबईतील पश्चिम विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली आणि पश्चिम ताफ्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल ई. सी. कुरुविला यांच्यावर अंमलबजावणीची जबाबदारी होती. आपली नवी आणि अल्पसंख्य अस्त्रे शत्रूच्या दारात पाठवावीत काय, याबद्दल तेव्हा सर्वांची मते सारखी नव्हती. अशा प्रसंगी शेवटचा शब्द मुख्यालयाचा असतो आणि नंदा यांनी तो दिला.

हल्ल्याची वेळ रात्रीची निवडण्यात आली. पाकिस्तानी हवाई दलाकडे रात्री समुद्रावर जहाजे हुडकून त्यांच्यावर हल्ला करण्याची क्षमता नव्हती. दिवसभर विमानांच्या टप्प्याबाहेर थांबायचे, अंधार पडताच वेगाने पुढे सरकायचे, क्षेपणास्त्रे डागायची आणि पहाटेपूर्वी दूर निघून यायचे, असा आराखडा ठरला. क्षेपणास्त्र नौकांवरील अधिकारी आणि नाविक सोव्हिएत संघात प्रशिक्षण घेऊन आले असल्याने त्यांना रशियन अवगत होती. मोहिमेत बिनतारी संदेश त्या भाषेत देण्याची युक्ती करण्यात आली. ऐकणाऱ्याला अरबी समुद्रात रशियन बोलणारे कोण आहे, याचा उलगडा होऊ नये हा हेतू होता.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौका, सोबत 'किल्तान' आणि 'कच्छल' या पाणबुडीविरोधी नौका, अशी तुकडी कराचीच्या दिशेने निघाली. क्षेपणास्त्र नौकांच्या पथकाचे नेतृत्व कमांडर बबरूभान यादव यांच्याकडे होते. 'ऑपरेशन ट्रायडेंट' या नावाने ही मोहीम ओळखली जाते. 'निर्घात'च्या क्षेपणास्त्रांनी 'खैबर' ही विनाशिका बुडाली. हल्ला विमानांनी केला असा त्या जहाजावरील अधिकाऱ्यांचा समज झाला आणि तसाच संदेश त्यांनी पाठविला. समुद्रावरून येणारे क्षेपणास्त्र म्हणजे काय याचा अनुभव तेव्हा जगातील फारच थोड्या नाविकांना होता. 'निपात'च्या माऱ्यात 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज नष्ट झाले आणि 'शाहजहान' ही विनाशिका निकामी झाली. 'वीर'ने 'मुहाफिज' ही सुरुंगविरोधी नौका बुडविली. भारताची एकही नौका गमावली गेली नाही, एकही नाविक दगावला नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या नौकांनी इस्रायलची 'एलात' ही विनाशिका याच जातीच्या क्षेपणास्त्रांनी बुडविली होती; परंतु तो हल्ला बंदराच्या आश्रयाने केलेला होता. तळापासून शेकडो मैल दूर जाऊन अशा नौका वापरण्याचा प्रयोग नवा होता.

चार दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, 'ऑपरेशन पायथन' अंतर्गत 'विनाश' या एकट्या क्षेपणास्त्र नौकेने 'तलवार' आणि 'त्रिशूल' या फ्रिगेटच्या सोबतीने दुसरा हल्ला केला. सहा वर्षांपूर्वी ओख्यात निष्क्रिय राहावे लागलेली 'तलवार' ती हीच. या वेळी किमाडीच्या तेलसाठ्यांना आग लागली आणि 'ढाका' या पाकिस्तानी इंधनवाहू जहाजाचे मोठे नुकसान झाले. पनामाचे 'गल्फ स्टार' बुडाले आणि ब्रिटिश 'हरमॅटन'लाही फटका बसला. तटस्थ देशांच्या जहाजांची ही हानी भारताच्या परराष्ट्र खात्यापुढे अडचण निर्माण करणारी होती. पण तिचा एक परिणाम भारताच्या पथ्यावर पडला. कराचीतील परदेशी जहाजे सुरक्षितपणे बाहेर पडता यावे म्हणून भारताकडे विनंती करू लागली आणि पाकिस्तानचे मुख्य बंदर व्यवहारात बंद पडले.

किमाडीचे तेलसाठे नेमके कोणी पेटविले, हा वाद मात्र बरीच वर्षे चालला. जामनगरहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी ४ डिसेंबरच्या सकाळीच त्यांच्यावर हल्ला केला होता. नौदल आणि हवाई दल या दोघांनीही श्रेयावर हक्क सांगितला. दोन्ही दलांच्या हल्ल्यांच्या वेळा पाहता दोघांचाही वाटा मान्य करणे सत्याला धरून होईल. हल्ल्याची वेळ आणि लक्ष्य यांबाबत दोन दलांमध्ये आधीपासून अधिक समन्वय असता तर हा वाद उद्भवलाच नसता.

'विक्रांत' पूर्वेकडे

कराचीच्या तुलनेत कमी चर्चिला गेलेला, परंतु तितकाच धाडसी निर्णय विमानवाहू 'विक्रांत'विषयी होता. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि तो वापरणे धोक्याचे होते. उरलेल्या बॉयलरवर जहाजाचा वेग घटत होता. विमानवाहू जहाजाला वेग लागतो तो केवळ पोहोचण्यासाठी नव्हे, तर विमानांना उड्डाणासाठी आवश्यक असा समोरचा वारा मिळावा म्हणून. अशा अवस्थेत तिला बंदरात ठेवणे सर्वांत सुरक्षित ठरले असते. परंतु १९६५ मध्ये गोदीत राहिलेले हे जहाज पुन्हा एकदा युद्ध चुकविणार असेल, तर देशाने ते बाळगावे कशासाठी, असा प्रश्न उभा राहणार होता. कमी वेगात आणि सुधारित व्यवस्थेने ते चालवावे असा निर्णय नंदा यांनी घेतला.

त्याला पूर्वेकडे पाठविण्यामागे सरळ हिशेब होता. अरबी समुद्रात पाकिस्तानच्या फ्रेंच बनावटीच्या तीन नव्या पाणबुड्या आणि कराचीच्या तळावरील विमाने यांचा धोका होता. पूर्व पाकिस्तानात विमानदळ तुटपुंजे होते आणि बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचू शकेल इतका पल्ला पाकिस्तानच्या 'गाझी' या एकाच पाणबुडीकडे होता. १ नोव्हेंबर १९७१ रोजी स्वतंत्र पूर्व ताफा स्थापन करण्यात आला. विशाखापट्टणमचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी 'विक्रांत'ला अंदमानच्या परिसरात दडवून ठेवले आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास 'राजपूत' या जुन्या विनाशिकेच्या साहाय्याने निर्माण केला. 'विक्रांत'च्या शोधात आलेली 'गाझी' ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणमच्या बाहेर सर्व खलाशांसह बुडाली. 'राजपूत'ने टाकलेल्या पाणसुरुंगांमुळे ती बुडाली असे भारतीय नौदलाचे म्हणणे आहे, तर पाकिस्तानी बाजूने तिच्यावरीलच सुरुंगांचा अथवा अन्य अंतर्गत स्फोट हे कारण दिले जाते. ४ डिसेंबरपासून 'विक्रांत'वरील सीहॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाझार, चितगाव येथील तळांवर व नौकांवर हल्ले केले. पूर्वेकडील पाकिस्तानी सैन्याला समुद्रमार्गे बाहेर पडण्याची वाट त्यामुळे उरली नाही.

याच मोहिमेचा एक गुप्त अध्याय बंगाली तरुणांच्या प्रशिक्षणाचा होता. प्लासीजवळ भारतीय नौदलाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पोहणे आणि जहाजांना सुरुंग चिकटविणे शिकविले. ऑगस्ट १९७१ मध्ये या पाणबुड्या तरुणांनी चितगावसह अनेक बंदरांत जहाजे बुडविली. सर्वच बेत यशस्वी झाले असे नव्हे. कॉक्स बाझारच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा युद्धाच्या अखेरचा प्रयत्न घाईत आखलेला होता. किनाऱ्याजवळील पाण्याची माहिती अपुरी होती आणि त्यात जवान बुडाले.

डिसेंबरच्या मध्यास अमेरिकेच्या सातव्या ताफ्यातील 'एंटरप्राइझ' या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजाचा समूह बंगालच्या उपसागरात आला. भारतीय जहाजांवर तो थेट हल्ला करणार नाही असा नंदा यांचा अंदाज होता आणि पूर्वेकडील कारवाई थांबविण्यात आली नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

'खुकरी'

युद्धातील सर्वांत मोठा आघात ९ डिसेंबरच्या रात्री झाला. दीवच्या नैर्ऋत्येस पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीचा माग काढण्यासाठी 'खुकरी' आणि 'कृपाण' या दोन फ्रिगेट पाठविण्यात आल्या होत्या. शिकारी आणि सावज यांच्या भूमिका उलटल्या. 'हंगोर'च्या पाणतीराने 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविकांना जलसमाधी मिळाली. जहाज सोडण्यास मुल्ला यांनी नकार दिला. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र प्रदान करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याची ही पहिलीच घटना होती.

या हानीची चिकित्सा पुढील काळात बरीच झाली. फ्रेंच पाणबुडीची श्रवणयंत्रणा या फ्रिगेटवरील सोनारपेक्षा खूपच सरस होती. त्यातच 'खुकरी'वर सोनारची क्षमता वाढविणाऱ्या एका उपकरणाची चाचणी सुरू असल्याने जहाज संथ गतीने चालले होते. ज्या साधनांचा पल्ला शत्रूपेक्षा कमी आहे, ती साधने घेऊन शत्रूच्या शोधात जाण्याचा आदेश योग्य होता काय, हा प्रश्न मृतांच्या कुटुंबीयांनीही विचारला. कराचीच्या यशाचे श्रेय मुख्यालयाला द्यायचे तर 'खुकरी'च्या प्रश्नातूनही मुख्यालयाला सुटका नाही. दीव येथे समुद्रासमोर 'खुकरी'चे स्मारक आहे.

सन्मान आणि उत्तरायुष्य

१९७२ मध्ये जनरल सॅम माणेकशा आणि एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्यासह ॲडमिरल नंदा यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. कोहली आणि कृष्णन हे पद्मभूषणचे मानकरी ठरले. क्षेपणास्त्र पथकाचे कमांडर यादव यांना महावीर चक्र, तर नौकांच्या कप्तानांना वीर चक्र मिळाले. नौदल दिन पूर्वी वेगवेगळ्या तारखांना साजरा होत असे. १९७२ पासून कराचीवरील पहिल्या हल्ल्याचा, ४ डिसेंबर हा दिवस त्यासाठी निश्चित करण्यात आला. २०२३ मध्ये या दिनाचा मुख्य सोहळा मालवणच्या समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांनी बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात झाला.

क्षेपणास्त्र नौकांच्या यशाने नौदलाच्या पुढील मागण्यांना वजन प्राप्त झाले. मोठ्या जहाजांवरही क्षेपणास्त्रे बसविण्याचा आग्रह, सोव्हिएत संघाकडून अधिक सक्षम नौकांची खरेदी आणि माझगावमधील बांधणीचा विस्तार हे सत्तरच्या दशकातील निर्णय या अनुभवातून निघाले. नंदा यांच्यानंतर नौदलप्रमुख झाले ते मुंबईत त्यांच्या आदेशांची अंमलबजावणी करणारे एस. एन. कोहली. 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिल्यानंतर २०१४ मध्ये ती भंगारात काढण्यात आली. कोची येथे बांधलेली त्याच नावाची नवी विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली.

निवृत्तीनंतर नंदा यांनी मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीचे अध्यक्षपद भूषविले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कराचीवर बाँबहल्ला करणारा माणूस, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. बालपणीच्या कराचीविषयीचा जिव्हाळा आणि त्याच बंदराच्या विध्वंसाची आखणी या दोन्ही गोष्टी त्यात शेजारीशेजारी आढळतात. ११ मे २००९ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी ॲडमिरल नंदा यांचे निधन झाले.